मंगळवारचं धुकं

यंदाही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच आमच्या गल्लीत पाण्याचे टँकर यायला लागले. टँकर मागे घेताना जी कर्कश पिप्-पिप् वाजते, ती ऐकली की शेजारपाजारच्या बायका बादल्या घेऊन खाली धावतात. मी मात्र हातातलं काम तसंच ठेवून बसून राहते. मला तो मार्च आठवतो. तीन वर्षं झाली, तरी.

पंख्याशिवाय झोप लागणारं गाव म्हणून बंगळूर एके काळी मिरवायचं. आता मार्च-एप्रिलमध्ये आभाळ पांढरंफटक होतं, बोअरवेलमधून आधी वारा आणि मग गढूळ धार येते, आणि जिन्यात 'आज पाणी सकाळी सात ते आठ' अशी चिठ्ठी लागते. सगळ्या शहराचा स्वर चढलेला असतो. रिक्षावाला 'स्वल्प थांबा' म्हणतो तेसुद्धा वसकन. मी याच ऋतूत एकदा जवळजवळ खोटं बोलणार होते. खोटंसुद्धा साधं नव्हे. पुढे पन्नास वर्षं डोंगरावर उभं राहिलं असतं, असं.

मी डोंगरमाथ्यावरच्या रानांचा अभ्यास करते आणि राहते शहरात, इथल्या शिवाजीनगरच्या बाजाराच्या मागच्या बाजूला, आईबरोबर. आमचे पूर्वज काही शतकांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. आईच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की पुण्याहून कोणी आलं की तिचं बोलणं ऐकून आधी हसतं आणि मग अडखळतं. मी मात्र त्याच भाषेत विचार करते.

घाटाच्या उंच माथ्यांवर एक वेगळंच रान असतं. डोंगराला जिथे घडी पडते तिथे ठेंगण्या, गच्च, कायम हिरव्या झाडांचा पुंजका, आणि त्याच्या सभोवती उघडं गवत. झाडं त्या घडीतच राहतात, गवत बाहेर. ही सीमा एखाद्या धारदार सुरीने कापावी तशी असते. एक पाऊल सावलीत, दुसरं उन्हात. ऊन वाढतंय, पाऊस बेभरवशाचा झालाय, तर ही झाडं आपली घडी सोडून वर चढतील का? गवतात त्यांची पोरं तगतील का? एवढाच माझा प्रश्न होता. त्यासाठी आम्ही रानाच्या कडेला आणि गवतात रोपं लावली, प्रत्येकाला पत्र्याचा नंबराचा बिल्ला बांधला, काहींच्या मुळाशी मातीतला ओलावा मोजणारी यंत्रं पुरली आणि वाट बघत बसलो. आमच्या कामात सगळ्यात जास्त काय करावं लागत असेल तर हे. वाट बघणं. आणि मधे न पडणं.

मधे न पडायचं, हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की ते कोणाला वेगळं सांगावं लागतं हे माझ्या लक्षातच आलं नाही.

डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत होन्नप्पा राहायचे. पन्नाशी उलटलेले, काटक, दोन्ही कानांत बारीक बाळ्या. पूर्वी वेलदोड्याच्या मळ्यात कामाला होते. आमच्या रोपांची राखण त्यांच्याकडे. दर मंगळवारी सकाळी ते वर चढायचे, दीड तासाची चढण, कुंपण बघायचे, पडलेले बिल्ले पुन्हा बांधायचे, आणि संध्याकाळी मला फोन करून मेलेल्या रोपांचे नंबर सांगायचे. मी त्यांना अण्णा म्हणायचे, ते मला अक्का. वयाने ते मोठे असले तरी.

त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. दिवाळीच्या सुमाराला फोनवर नंबर सुरू झाले. पंधरा, अठरा, चव्वेचाळीस. ते एकेक आकडा सावकाश उच्चारायचे, मी वहीत लिहायची. पुढच्या मंगळवारी आणखी. त्याच्या पुढच्या मंगळवारी यादी इतकी लांबली की मी लिहायचं थांबवून नुसतं ऐकत राहिले. आणि मग, डिसेंबरात, यादी एकदम आटली. "या आठवड्यात एकच, अक्का." मग, "या आठवड्यात कोणी नाही."

कोरडा डिसेंबर, कोरडा जानेवारी. आजूबाजूच्या डोंगरांवर गवत जळल्यासारखं पिवळं, आणि आमची उरलेली रोपं उभी! त्या काळात मी कशी वागत होते ते आठवलं की आज लाज वाटते. मी गुणगुणत भांडी घासायची. आई म्हणायची, "काय झालं गं नीला, एवढी खुशीत?" मी तिला धुक्याबद्दल सांगायची. पहाटे माथ्यावर धुकं येतं, पानांवर थेंब होऊन साठतं, थेंब मुळाशी गळतो. आमची रोपं पावसाशिवाय धुकं पिऊन जगत होती! म्हणजे रान स्वतःची वाट स्वतः काढत होतं. मला ही कल्पना इतकी आवडली होती की ती खरी आहे का, हे विचारायचं मी टाळत होते.

आणि ती आवडणारी मी एकटीच नव्हते. डोंगरमाथ्यांवर मोठ्या प्रमाणावर झाडं लावायची एक योजना तेव्हा शिजत होती. गवताचे माथे 'मोकळे' आहेत, तिथे हीच झाडं लावली तर बदलत्या हवेत रान टिकेल, असा विचार. त्यासाठी नेमलेल्या समितीने आम्हाला बोलावलं. मार्चमधल्या एका शुक्रवारी मी आमचे निष्कर्ष मांडायचे आणि त्याच बैठकीत होकार-नकार ठरायचा. आमचे विभागप्रमुख आनंदात होते. मी त्यांना म्हटलं, होन्नप्पांनाही बोलावू या, त्यांच्यामुळे हे झालं. "जरूर," ते म्हणाले. मीच तिकीट काढून पाठवलं.

तो आठवडा असा सुरू झाला.

तुषार माझा विद्यार्थी. मूळचा निपाणीकडचा, मराठी-कन्नड दोन्ही सारख्याच सहजतेने बोलणारा, आकड्यांत मुरलेला. तो सोमवारी डोंगरावरून यंत्रांमधली वर्षभराची नोंद घेऊन परतला. महिन्याची सरासरी काढली तर रोपांच्या मुळाशी खरोखरच अपेक्षेपेक्षा ओलावा जास्त होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. माझं धुकं सापडलं होतं.

मंगळवारी दुपारी तो माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं आणि संगणक माझ्यापुढे ठेवला.

"ताई, मी रोजचं रोज काढून बघितलं."

पडद्यावर एक रेघ होती. खाली खाली उतरत जाणारी, आणि मधेच टोक वर काढणारी. पुन्हा उतार, पुन्हा टोक.

"धुकं असतं तर ही रेघ पहाटेपासून हळूहळू चढली असती की," तो म्हणाला. "ही बघा. दहा वाजता एकदम उडी. प्रत्येक वेळी दहाच्या आसपास."

"मग? ऊन आल्यावर थेंब गळत असतील."

 तो पडद्यावरच्या टोकांवरून एकेक करून बोट फिरवत म्हणाला, "हा मंगळवार. हा मंगळवार. हा पण मंगळवार. ताई, धुकं वार बघून येतं का ओ?"

खोलीत पंखा फिरत होता आणि त्याची एक पाती कुठेतरी घासत होती. मी त्या आवाजाकडे लक्ष देत राहिले, कारण दुसऱ्या कशाकडे लक्ष द्यायचं माझ्यात बळ नव्हतं.

"आणखी कोणाला दाखवलंस?"

"नाही. तुम्हालाच." मग, माझ्याकडे न बघता, "मी कोणाला सांगणार नाही, ताई. पण कोणी मला विचारलं तर खोटं बोलायला जमणार नाही. ते आधीच सांगतो."

बुधवार मी कसा काढला ते मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. सिग्नलवर मागून हॉर्न वाजत असताना मी थांबून राहिले होते. जेवताना आईने दोनदा हाक मारली. डोक्यात एकच हिशेब चालू: महिन्याची सरासरी दाखवायची, रोजची रेघ दाखवायची नाही. कोण विचारणार? समितीतल्या कोणालाही मंगळवारचं काय पडलंय? आणि खरं तर रोपं जगली आहेत, हे काही खोटं नाही. ती उभी आहेत. मी स्वतःला हे अनेक प्रकारे समजावून बघितलं. दर वेळी समजावणारीचा आवाज थोडा जास्त गोड होत गेला, आणि त्या गोडव्यानेच मला भीती वाटायला लागली. आपण फसवणूक करतो तेव्हा सुरुवात स्वतःपासून होते आणि ती फार मायेने होते.

गुरुवारी सकाळी मी यशवंतपूरच्या स्टेशनवर गेले. हमालांच्या, पोत्यांच्या, चहाच्या गर्दीतून होन्नप्पा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवी चप्पल, हातात कापडी पिशवी आणि तिच्यात आईसाठी मधाची बाटली. मला बघून त्यांचा सगळा चेहरा हसला. "सगळी ठीक आहेत, अक्का," ते पहिलं वाक्य बोलले. सगळी म्हणजे रोपं. मी पिशवी घेतली आणि दुसरीकडे बघितलं. रिक्षात ते उड्डाणपुलाकडे, इमारतींकडे बघत मोठ्याने नवल करत होते आणि मी 'हो, हो' म्हणत होते. विचारायचं होतं, पण त्या शर्टाकडे बघून ते घरी पोचेपर्यंत पुढे ढकललं.

घरी आईने त्यांना इडली वाढली. "स्वल्प चटणी घ्या अण्णा, लाजू नका," असं तिचं चाललं होतं. तेवढ्यात खाली टँकर आला. आई पदर खोचून उठली, तर होन्नप्पा तिच्या आधी उठले. "बसा अम्मा." आणि दोन मोठे डबे घेऊन खाली गेले.

मी जिन्याच्या वरच्या टोकाला उभी होते. ते दोन्ही हातांत काठोकाठ भरलेले, झाकण नसलेले डबे घेऊन वर येत होते. गुडघे किंचित वाकलेले, खांदे स्थिर, नजर पाण्यावर मुळीच नाही, पुढच्या पायरीवर. तीन मजले. जिन्यात त्यांच्या आधी गेलेल्या प्रत्येकाने सांडलेलं पाणी होतं. त्यांच्या डब्यातून थेंब पडला नाही. ते चालणं त्या सकाळचं नव्हतं. महिनोन्‌महिने कोणीतरी पाणी घेऊन चढण चढलेलं होतं.

डबे ठेवून त्यांनी कपाळ पुसलं. मी विचारलं. आम्ही कन्नडमध्येच बोलत होतो. ते बोलणं मराठीत सांगते.

"अण्णा, रोपांना पाणी घातलंत?"

"घातलं की." इतक्या सहज, की मला क्षणभर वाटलं मीच काहीतरी चुकीचं ऐकलं.

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांनी. आधी ओढ्याचं घालत होतो. ओढा आटला, मग घरून न्यायला लागलो. दोन डबे. सगळ्यांना नाही पुरत. जी माना टाकायची त्यांना एकेक तांब्या."

"पण का?"

माझा आवाज चढला असावा, कारण आई स्वयंपाकघराच्या दारात आली. मी ओरडले, हे खरं आहे. चार वर्षांचं काम, तुषारचा प्रबंध, उद्याची बैठक, सगळं एका दमात त्यांच्यावर फेकलं. पाणी घालायचं नाही, हे एवढंही कळू नये का, असंसुद्धा म्हणाले. ते हात जोडून उभे राहिले. हसू चेहऱ्यावरून गेलं नव्हतं, फक्त त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"तुम्ही सांगितलं होतं," ते हळू म्हणाले, "कुंपण सांभाळा. गुरं येऊ देऊ नका. बिल्ला पडला तर बांधा. मेलं की नंबर सांगा. पाण्याचं काही नव्हतं सांगितलं, अक्का."

नव्हतं सांगितलं.

"आणि मी नंबर सांगायला लागलो की तुमचा आवाज पडायचा. एकदा लांबच लांब यादी होती. तुम्ही लिहीतच नव्हता. मग म्हणालात, 'अण्णा, ही उरलेली तरी जगवा हो.'"

मला ते वाक्य आठवत नव्हतं. पण ते माझंच होतं, हे मला त्यातल्या 'हो'वरून कळलं. मी एक सुस्कारा टाकला होता आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाने तो निरोप समजून उचलला होता. दर मंगळवारी, दीड तासाची चढण, दोन्ही हातांत पाणी. त्यांच्या वाडीत त्या वर्षी प्यायच्या पाण्यासाठीसुद्धा रांग होती, हे मला त्यांनी सांगितलं नाही. पुढे तुषारकडून कळलं.

मी खुर्चीवर बसले. आईने होन्नप्पांपुढे कॉफी ठेवली आणि माझ्यापुढे नाही.

मग मी त्यांना सांगितलं, जे चार वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. की आम्हाला झाडं जगवायची नव्हती, ती आपणहून जगतात का ते बघायचं होतं. कोणीही मधे नसताना. ते कॉफीच्या पेल्याकडे बघत ऐकत राहिले.

"कोणीच मधे नको, तर मला कशाला ठेवलं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

 मी उद्याच्या बैठकीबद्दल सांगितलं. माथ्यांवर झाडं लावायची योजना, गवतात खड्डे. ते एकदम सरळ बसले.

"गवतात? वरच्या गवतात?" त्यांनी पेला खाली ठेवला. "अक्का, तिथूनच तर ओढा निघतो. ते गवत पाणी धरून ठेवतं, म्हणून आम्हाला खाली मिळतं. तिथे खड्डे खणले तर…" ते थांबले. "आणि एवढ्या झाडांना पाणी कोण नेणार? मी एकटा किती नेणार?"

त्या घटकेपर्यंत ही गोष्ट माझी होती. माझं काम, माझं नाव, माझी शरम. त्या प्रश्नाने ती माझ्या हातातून काढून घेतली.

दुपारी तुषार घरी आला. त्याने रोपांचा नकाशा जमिनीवर पसरला. होन्नप्पांना नकाशा वाचता येत नव्हता आणि बिल्ल्यांचे आकडे त्यांना फक्त बोलण्यापुरते ठाऊक. पण प्रत्येक रोप त्यांना माहीत होतं. फाटलेल्या दगडापाशी आहे ते, ज्याच्या शेंड्याला मुंग्या लागल्या होत्या ते, वाऱ्याकडे कललेलं. तुषार विचारायचा, "याला घातलं?" ते डोळे मिटून उत्तर द्यायचे. "याला दोनदा." "याला नाही, ते हट्टी होतं." कधी, "याला घालायला हवं होतं, पाणी संपलं." संध्याकाळपर्यंत चाललं. तुषार पाणी घातलेल्या रोपांवर लाल खूण करत गेला. उन्हं उतरली तेव्हा नकाशाची वरची, गवताची बाजू जवळजवळ सगळी लाल होती. बिनपाण्याची जगलेली मूठभरच होती, आणि तीही बहुतेक जुन्या रानाच्या सावलीला, किंवा एखाद्या मोठ्या खडकाच्या आडोशाला.

"म्हणजे वर चढत नाहीयेत," तुषार म्हणाला. त्याच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण तिथे जमिनीवर पडलं होतं. त्याने नकाशा नीट घडी घालून पिशवीत ठेवला. "उन्हाळ्यात गावी जाणार होतो. आता राहतो इथंच," एवढंच बोलला.

मी विभागप्रमुखांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्या शांतपणाने मी जास्तच घाबरले. मग ते म्हणाले, "हे बघा, आत्ता काही बदलू नका. शेवटी एक वाक्य घाला, की अधिक अभ्यासाची गरज आहे. ते नेहमीच खरं असतं."

"सर, ते त्या वाक्याच्या आधीच निर्णय घेतील."

"तो त्यांचा निर्णय."

"आधार माझा असेल."

 "तुम्ही तरुण नाही आहात, नीला," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा असं दार उघडत नाही." आणि फोन ठेवला.

शुक्रवारची बैठक देवनहळ्ळीच्या अलीकडे होती. बाहेरगावच्या सदस्यांना विमानतळ जवळ पडावा म्हणून. आम्ही तिघं टॅक्सीत होतो. शहर मागे पडलं तशी द्राक्षांच्या मळ्यांची जागा आखलेल्या प्लॉटांनी, दगडी खांबांनी आणि 'स्वप्नातलं घर' म्हणणाऱ्या फलकांनी घेतली.   होन्नप्पा पुढच्या सीटवर ताठ बसून रस्ता बघत होते. कालचाच शर्ट, आईने पहाटे धुऊन, इस्त्री करून दिलेला.

लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सात-आठ माणसं. अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. मी उभी राहिले. पहिली दोन चित्रं दाखवली. तिसऱ्या चित्राच्या जागी तुषारने काढलेली रोजची रेघ होती. मी म्हटलं, "ही टोकं दर मंगळवारी येतात. आमची रोपं धुक्यावर जगली नाहीत. त्यांना पाणी घातलं गेलं. ते मला या मंगळवारपर्यंत माहीत नव्हतं, पण तसं होऊ शकतं हे मला माहीत असायला हवं होतं. सूचना देणं माझं काम होतं आणि मी ती दिली नाही. गवतात झाडं आपणहून तगतात, असं मी या समितीला सांगू शकत नाही. जे दिसतंय ते उलट आहे."

कोणीतरी पेन खाली ठेवलं. प्रमुख टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एका सदस्याने घसा साफ करून विचारलं, हे पाणी घालणारे गृहस्थ कोण, त्यांच्यावर काय कारवाई केली. माझ्या तोंडून काही निघायच्या आत होन्नप्पा उभे राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला.

"मी घातलं," ते कन्नडमध्ये म्हणाले. "झाड मरताना दिसलं म्हणून घातलं. तरी अर्धी मेली. तुम्ही हजारोंनी लावणार. तिथे आमच्या ओढ्याचं गवत आहे. एवढंच सांगायचं होतं." आणि बसले.  

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "ओढा कुठून निघतो, ते नकाशावर दाखवाल?" त्यांनी विचारलं. पुढचा पाऊण तास बैठक त्या ओढ्याबद्दल झाली.

त्या डोंगराची लावणी तहकूब झाली. रद्द नाही, तहकूब. इतर काही डोंगरांवर ती झाली. त्याबद्दल मी काही करू शकले नाही. या रोपांवरचा, छापायला दिलेला लेख मी मागे घेतला. प्रमुख वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. तुषारचा प्रबंध एक वर्ष लांबला, आणि त्याने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण तो माझ्या खोलीत येताना पूर्वीसारखा गाणं गुणगुणत येत नाही, हे मला जाणवतं. खरं बोलल्याचं समाधान वगैरे म्हणतात, तसं काही मला त्या उन्हाळ्यात वाटलं नाही. बरेच दिवस नुसता थकवा होता. चुकलेलं कबूल करून माणूस एकदम स्वच्छ होत नाही. फक्त पुढे कुठून सुरुवात करायची ते त्याला कळतं.

सुरुवात पुन्हा रोपं लावण्यापासून झाली. या वेळी होन्नप्पांना मी सगळं सांगितलं, आणि त्यांनी ते माझ्यापेक्षा जास्त कडकपणे पाळलं. फोनवर ते आकडे सांगतात, मी लिहिते. मी आवाज सपाट ठेवायला शिकले आहे. ते ओळखतात, हेही मला माहीत आहे.

गेल्या एप्रिलमध्ये मी वर गेले होते. ओढ्यात गोटेच होते. आम्ही दोघं सकाळपासून रोपं बघत, लिहीत चाललो होतो. वरच्या गवतात एक रोप होतं, वीतभर उंच, दोनच पानं उरलेली, तीही कडेने करपत आलेली. मी त्याच्याजवळ उकिडवी बसले. देठाला बोट लावलं. आत अजून हिरवं होतं. माझ्या पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली होती आणि तिचं ओझं मला एकदम खांद्यावर जाणवलं. होन्नप्पा दोन पावलांवर उभे होते. ते माझ्याकडे बघत होते की डोंगराकडे, ते मी वळून पाहिलं नाही. वारा होता. मी किती वेळ बसले कोण जाणे. मग वहीत त्याचा नंबर लिहिला, पुढे 'कोमेजलं' असं लिहिलं, आणि उठले.

मग आम्ही उतरायला लागलो. खाली, कुंपणाच्या फाटकापाशी, ते थांबले आणि मी येईपर्यंत फाटक धरून उभे राहिले.

"आता तरी प्या, अक्का," ते म्हणाले.

मी पिशवी उघडली. बाटली सकाळी भरली होती तशीच काठोकाठ होती.